मी बुडालोय, हे सिद्ध करताना

नाही, मला तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायचा तरी कोणावर? भावावर ठेवावा, तर भाऊ वाटणी मागतो. भागीदारावर ठेवावा, तर तो समोरच्याच गाळ्यात स्वतःची पाटी लावतो. म्हणून मी फार डोकं चालवून असा माणूस शोधला, की ज्याचा माझ्या घरात वाटा नाही, दुकानात वाटा नाही, वाटा काय तो फक्त सासूबाईंच्या टोमण्यांमध्ये, आणि तोही अगदी बरोबर निम्मा... साडू! माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा! आणि त्यानेच मला असा कापला, असा कापला, की रक्ताचा थेंब नाही हो. आणि रक्ताचा थेंब नाही, हीच तर माझी तक्रार आहे! सरकार म्हणतं, जखम दाखवा.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझा बिजागऱ्यांचा कारखाना. दाराच्या, कपाटाच्या, पेटीच्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, तुमच्या घराचं दार सकाळी उघडतंय ना? मग माझे आभार माना! शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून हाताला लोखंडाचा वास आहे. पत्रा कापायचे दोन प्रेस, एकतीस माणसं, देशातल्या निम्म्याहून जास्त बिजागऱ्या माझ्या. आणि हे साडूमहाराज लग्न झालं तेव्हा काय करत होते? विमा विकत होते! स्वतःचा सोडून सगळ्यांचा. मेव्हणी रडत आली, "भाऊजी, यांना तुमच्याकडे घ्या." घेतला. खुर्ची दिली, पंख्याखालची! पत्रा किती जाडीचा, पिन कशी घट्ट करायची, दुकानदार उधारी मागायला लागला की कुठल्या क्षणी खोकायचं, सगळं शिकवलं. मी खोकायचं कसं तेसुद्धा शिकवलं हो त्याला!

मग परदेशात एक मोठं प्रदर्शन होतं, यंत्रांचं. मला त्यांची भाषा येत नाही, याला मोडकीतोडकी येते. तिकीट माझं, हॉटेल माझं, आणि नमुन्याच्या बिजागऱ्यांची पिशवी कोणाच्या खांद्यावर? याच्या! मी यंत्रं बघत फिरतोय, आणि हा तिथल्या एका कारखानदाराबरोबर कोपऱ्यात उभा राहून हसतोय. मी विचारलं, काय रे? म्हणाला, "काही नाही दादा, हवापाण्याचं बोलतोय." हवापाण्याचं! दीड तास! एवढं हवामान त्या देशात आहे तरी का?

परत आल्यावर चार महिन्यांनी राजीनामा. "दादा, जरा स्वतःचं काहीतरी करावं म्हणतो." मी म्हटलं, कर बाबा, आशीर्वाद आहे. पेढीवरून उठून मिठी मारली हो मी त्याला! आणि वर्षभराने बाजारात बिजागरी आली. माझी बाराला, ही आठला. गुळगुळीत डबा, डब्यावर हसणारी बाई दार उघडतेय. मी एक विकत आणली, टेबलावर ठेवली, भिंग घेतलं... आणि तुम्हाला सांगतो, माझ्या हातातून भिंग पडलं!

तिसरं भोक!

त्याचं असं आहे, की माझ्या डायमध्ये, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यात, एक दोष आहे. अकरा वर्षांपूर्वी डाय बनवणाऱ्याने तिसऱ्या भोकाला चुकून एक नंबर मोठा पंच बसवला. स्क्रू त्यात जरा हलतो. नवी डाय करायची तर खर्च केवढा! म्हणून मी अकरा वर्षं दुकानदारांना सांगत आलो, की दोष नाही हो तो, सोय आहे, दार बसवताना सुताराला इकडेतिकडे सरकवता यावं म्हणून खास ठेवलीय. आणि या साडूने ती सोय जशीच्या तशी परदेशातून करून आणली होती! माझा माल चोरलास, गिऱ्हाईक चोरलंस, ठीक आहे, माझी चूकसुद्धा चोरलीस? आणि वर डब्यावर छापलंय, "सुधारित तिसरं छिद्र"! सुधारित!

मी फोन लावला. "अरे, लाज वाटते का तुला?" तर आवाज कसा, लोण्यासारखा, "दादा, रागावू नका, सगळं जग आता एक बाजार झालंय. तुम्हीच तर म्हणायचात, धंद्यात नातं आणू नये." मी म्हणायचो! मी दुसऱ्यांच्या नात्याबद्दल म्हणायचो! फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, ऐकून ठेव, याला मी सोडणार नाही, बिजागरीसकट उखडतो! ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उखडा. पण आईच्या वाढदिवसाला दोघंही या."

आता उखडायचं कसं? मारामारीचं वय राहिलं नाही, गुडघा धरतो. पण मी शाळा पुरी केली नसली तरी वाचतो बरं का. पॅकिंगसाठी रद्दी येते, ती मी आधी वाचतो, मग माल गुंडाळतो. तीन वर्षं नुसता धुमसत होतो, मग त्या रद्दीत एक लेख सापडला, की परदेशी माल फार स्वस्तात आपल्याकडे ओतला तर सरकार त्यावर जादा कर लावतं. त्याला म्हणतात अँटी-डम्पिंग. देशादेशांच्या करारात लिहिलंय म्हणे! दीडशे देशांनी वर्षानुवर्षं भांडून, रात्री जागून, एकमेकांच्या तोंडावर कागद फेकून एक कायदा केला, आणि तो कशासाठी? तर माझ्या साडूला धडा शिकवण्यासाठी! माझे डोळे भरून आले हो.

त्या कायद्याची एक वकीलबाई शोधून काढली. चौथ्या मजल्यावर ऑफिस, लिफ्ट बंद, आत कागदांचे इतके ढीग की बाई कुठल्या ढिगामागे बसल्यात हे आवाजावरून ओळखायचं. मी सगळं सांगितलं, खुर्ची, पंखा, खोकला, हवापाणी, तिसरं भोक. बाई नुसत्या लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डिझाइन नोंदवलं होतं?" म्हटलं, बाई, चूक कोण नोंदवतं? "मग चोरीचं विसरा. ते तिकडे त्यांच्या देशात ही बिजागरी कितीला विकतात?" मी म्हटलं, दहाला, मी चौकशी केलीय. "आणि इथे कितीला पाठवतात?" सहाला. तुमचा विश्वास बसणार नाही, बाई पहिल्यांदा हसल्या. "हे डम्पिंग. घरी महाग, बाहेर स्वस्त. आता तीन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, डम्पिंग झालं. दोन, तुम्हाला हानी झाली. तीन, ती हानी या डम्पिंगमुळेच झाली."

मी म्हटलं, हानी? बाई, जेवण जात नाही, झोप लागत नाही, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू झाल्या...

"झोप नको. आकडे."

बाई, एका प्रेसवर कापड टाकून ठेवलंय, माणसं अर्धा दिवस बसून असतात...

"आकडे."

बरं म्हटलं, आकडे तर आकडे. आकड्यांना मी कधी घाबरलो नाही. घाबरायला हवं होतं! पण तेव्हा डोक्यात एकच, बिजागरीसकट उखडतो!

त्या अर्जासोबत एक प्रश्नावली असते. चौऱ्याण्णव पानं! प्रश्न कसले? "वस्तूचा उपयोग काय?" मी लिहिलं, दार उघडणे. बाई म्हणाल्या, "आणि बंद करणे. अर्धवट उत्तर देऊ नका." "वस्तूला पर्याय आहे का?" मी लिहिलं, पडदा. खोडायला लावलं. आणखी दोन छोटे बिजागरीवाले होते देशात, त्यांच्याकडून पाठिंब्याची पत्रं आणली. त्यातल्या एकाने पत्रात माझ्या साडूला इतक्या शिव्या घातल्या होत्या, की बाईंनी ते परत लिहून घेतलं. मी मात्र मूळ प्रत खिशात ठेवली, वाईट वाटलं की काढून वाचायची.

आणि एक दिवस सरकारने जाहीर केलं, की अमुक देशातून येणाऱ्या बिजागऱ्यांची चौकशी सुरू! छापून आलं हो! मी त्या कागदाच्या दहा प्रती काढल्या. एक सासूबाईंना दिली. सासूबाईंना वाटलं, मला सरकारी नोकरी लागली. त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला साडू समोरच बसला होता, तोंड उतरलेलं, कारण त्यालाही प्रश्नावली गेली होती, आणि त्याची किती पानांची? एकशे बारा! मी केकचा तुकडा घेऊन त्याच्याजवळ गेलो, म्हटलं, "काय रे, पान कितवं झालं?" तो म्हणाला, "दादा, सतरावं." म्हटलं, "सतराव्यानंतर अवघड आहे." काय तो केक लागला, तुम्हाला सांगतो! तेवढा एक दिवस मी जगलो.

मग आले तपासणीला. तीन अधिकारी. त्यातले मुख्य साहेब म्हणजे बारीक, शांत, सारखा चष्मा पुसणारे, आणि तुम्ही काहीही सांगा, एकच वाक्य, "नोंद घेतली." साहेब, पाणी घ्या. "नोंद घेतली." म्हणजे पाणी नाही घेतलं! मी त्यांना कारखाना दाखवला. कापड टाकलेला प्रेस दाखवला. पॅकिंगच्या मावशींना सांगून ठेवलं होतं, जरा उदास बसा. मावशी म्हणाल्या, "मुद्दाम कशाला मालक, तशाच बसलेलो असतो." खरं होतं हो ते! आठ जणींच्या टेबलावर तीन जणींचं काम. मावशींचा जावई घरी बसलेला, त्यांच्या एकटीच्या पगारावर पाच माणसं. मी दर शनिवारी त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळत होतो. साहेबांनी माझ्या आणि साडूच्या, दोन्ही बिजागऱ्यांचे नमुने मागवले, शेजारी ठेवले, मापं घेतली, बराच वेळ घेतली, आणि म्हणाले, "दोन्हींत तिसरं भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठं आहे. वस्तू सारखीच, यात शंका नाही. नोंद घेतली." मी हिशेबनिसाला कोपराने ढोसलं, बघ, जिंकलो!

हिशेबनीस हसला नाही. आमचा हिशेबनीस तसा हसतच नाही, पण त्या दिवशी त्याचं न हसणं वेगळं होतं. साहेब म्हणाले, "आता वह्या."

आणि इथे... इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागेल. सांगायची नव्हती. पण आता अर्ध्यावर आलोच आहोत तर...

त्याचं असं झालं, की साडू वेगळा झाल्यापासून दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात भेटायचा, आणि चार लोकांत विचारायचा, "दादा, यंदा किती टक्के वाढ?" मी काय सांगू? घट? त्याच्यासमोर? त्याने सांगितलं दहा, की मी सांगायचो बारा. आता नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, व्यापारी संघ कागद मागतो, बँक कागद मागते. मग मी काय करायचो, तर वर्ष संपायच्या आठवड्यात ओळखीच्या दुकानदारांकडे दोन ट्रक माल पाठवायचा, बिल फाडायचं, वहीत विक्री लिहायची. नवं वर्ष लागलं, की तोच माल परत आणायचा आणि वहीत लिहायचं... भंगार खरेदी. हिशेबनीस पहिल्या वर्षीच म्हणाला होता, "मालक, हे बरं नाही." मी म्हटलं, अरे, लोक नफा लपवतात, मी तर तोटा लपवतोय, माझ्याइतका देशभक्त कोण? खोट्या नफ्यावर खरा कर भरणारा माणूस पाहिलाय तुम्ही कधी? बघून घ्या! सलग तीन वर्षं बारा टक्के वाढ. चौथ्या वर्षी संघाने मला "वर्षाचा उद्योजक" केलं, दीड फुटाची ढाल दिली, आणि बँकेने त्याच आकड्यांवर कर्ज वाढवून दिलं.

आणि सरकारला तपासायची होती नेमकी तीच चार वर्षं!

साहेब वही उलटतायत. मी घाम पुसतोय. साहेब चष्मा पुसतायत. "तुमची विक्री," साहेब म्हणाले, "आयात सुरू झाल्यापासून दर वर्षी बारा टक्क्यांनी वाढलेली दिसते."

मी म्हटलं, साहेब, ती वाढ...

शेजारी बसलेल्या वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर टाच ठेवली. नुसती ठेवली नाही, फिरवली.

"ती वाढ काय?" साहेबांनी पेन उघडलं. "खरी नाही, असं म्हणायचंय? तसं असेल तर नोंद घेतो. बँकेलाही कळवावं लागेल."

आता सांगा! काय बोलणार? वाढ खरी म्हणावी तर हानी नाही, हानी नाही तर साडू सुटला. वाढ खोटी म्हणावी तर बँक दारात, आणि दार माझ्याच बिजागरीवर उघडणार! मी हिशेबनिसाकडे बघितलं. हिशेबनीस छताकडे बघत होता. मी म्हटलं, "साहेब... वाढ आहे. पण मनातून नाही."

"नोंद घेतली," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर बाई जिन्यात उभ्या राहिल्या. "हे मला आधी का नाही सांगितलंत?" म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. "मी आकडे मागितले होते!" म्हटलं, आकडे तर दिले! बाई भिंतीला टेकल्या, म्हणाल्या, "सुनावणीला कमी बोला."

सुनावणी! त्या सुनावणीचं काय सांगू! लांबट खोली, लांबट टेबल, एका बाजूला आम्ही, समोर साडू आणि त्याचा वकील, मागच्या खुर्च्यांवर माझी बायको आणि मेव्हणी, दोघी बहिणी एकाच डब्यातून खात. मी म्हटलं, कुठल्या बाजूच्या आहात तुम्ही? बायको म्हणाली, "चिवडा संपेपर्यंत कुठल्याच नाही."

मला वाटलं होतं, साडू ओरडेल, खोटं बोलेल, मग मी उसळेन. कसलं काय! तो उठला, हात जोडले, आणि माझी स्तुती करायला लागला.

ऐका! बरोबर ऐकलंत, स्तुती! "आदरणीय साहेब, दादा माझे गुरू आहेत. सातवी शिकलेला माणूस, शून्यातून एवढं मोठं साम्राज्य उभं करतो, आम्ही त्यांच्या पायाची धूळ. साहेब, हा बघा त्यांच्या ढालीचा फोटो. हे त्यांचं भाषण, ते म्हणाले, 'स्पर्धा आली की मला भूक लागते.' हा त्यांच्या कारखान्यावरचा फलक, 'दिवसेंदिवस वाढता विश्वास, वाढता व्यवसाय.' ही त्यांची नवी गाडी." अहो, गाडी हप्त्यावर आहे! अजून बत्तीस हप्ते! "माझ्या क्षुल्लक आयातीने या माणसाला काय धक्का लागणार साहेब? हत्तीला मुंगी?"

पंधरा वर्षं! पंधरा वर्षं मी वाट बघितली, या माणसाच्या तोंडून चार लोकांत एक चांगला शब्द यावा, आणि आला तेव्हा मला उभं राहून ओरडावं लागलं, "खोटं आहे साहेब! मी हत्ती नाही! मी काहीच नाही! मी बुडालोय!"

"दादांचा विनय बघा," साडू म्हणाला. डोळ्याला रुमाल लावून म्हणाला हो!

मी म्हटलं, विनय नाही रे मेल्या, सत्य आहे! तर साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "सत्य आहे, तर वहीत का नाही?" बाईंची टाच परत. मी बसलो. आणि मागून, चिवड्याच्या डब्याच्या बाजूने, बायकोचा आवाज आला, अगदी हळू, पण अख्ख्या खोलीला ऐकू गेला, "अहो, एवढी वर्षं मलासुद्धा बारा टक्केच सांगत होतात." साडूच्या दहा शब्दांनी जे झालं नाही, ते या एका वाक्याने झालं. बिजागरीसकट उखडायला गेलो होतो ना? मीच भिंतीतून निघून हातात आलो!

चार महिन्यांनी निकाल आला. एकशे साठ पानं, मी प्रत्येक पान वाचलं. माल सारखा आहे का? आहे. तिसऱ्या भोकावर दीड पान लिहिलंय, एवढा मान माझ्या भोकाला कधी मिळाला नव्हता. डम्पिंग झालं का? झालं, सहाच्या मालावर चारचा फरक, म्हणजे सहासष्ट टक्के! सहासष्ट! अपराध सिद्ध! मी पान उलटलं. हानी? "देशी उद्योगाची भरभराट दिसून येते. हानी आढळली नाही. चौकशी बंद." म्हणजे कसं झालं, की चोर पकडला, चोरीचा माल पकडला, पण घरमालकच शपथेवर सांगतोय, की माझं काही गेलेलं नाही!

साडूचा फोन आला. लोणी! "दादा, अभिनंदन! सरकारने लेखी दिलं, तुमचा धंदा उत्तम चाललाय. आम्हाला असं कोणी लिहून देत नाही." मी फोन आपटला, तो फुटला, नवा घेतला, तोही हप्त्यावर.

आणि ते तेवढ्यावर थांबलं असं वाटतंय तुम्हाला? व्यापारी संघाचे लोक आले, म्हणाले, भरभराट आहे, वर्गणी दुप्पट करा. बँकवाला आला, म्हणाला, आणखी कर्ज घेणार का? आणि शनिवारी पॅकिंगच्या मावशी समोर उभ्या राहिल्या, हातात वर्तमानपत्राचा तुकडा. "मालक, सरकार म्हणतंय कारखान्याची भरभराट आहे. मग पगार का वाढत नाही?" मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला त्या दिवशी. म्हटलं, मावशी, सगळं खोटं आहे, मी लिहिलेलं. पगार सोडा, मला पुढच्या महिन्यात दहा माणसं कमी करायचीत. मावशींनी तो तुकडा नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "आम्हाला निदान आधी सांगायचंत. आम्ही पण वह्या लिहितो मालक, घरच्या. त्यात खोटं लिहिलं तर उपाशी झोपावं लागतं." मग त्यांनीच स्वतः सांगितलं, पहिलं नाव माझं लिहा, माझ्यापेक्षा तरण्या पोरींना काम राहू दे. त्या नावावर मी सही केली... जाऊ द्या. तो विषय विनोदाचा नाही.

पण तुम्ही म्हणाल, मी गप्प बसलो? मी? अहो, मी परत बाईंकडे गेलो, लिफ्ट अजून बंदच, चार मजले चढून गेलो, गुडघा हातात धरून. म्हटलं, बाई, पुन्हा अर्ज करता येतो का? बाई ढिगामागून म्हणाल्या, "येतो. नवे आकडे लागतील. खरे. पूर्ण बारा महिन्यांचे."

बस्स! त्या दिवसापासून मी खरा हिशेब ठेवतोय. एक ट्रक इकडचा तिकडे नाही. बँकेलाही जाऊन सांगितलं, शिव्या खाल्ल्या, हप्ते वाढवून घेतले, गाडी परत दिली, ढाल माळ्यावर टाकली. आणि दर महिन्याच्या शेवटी हिशेबनीस समोर बसतो आणि वाचून दाखवतो, "मालक, तोटा." मी म्हणतो, परत वाच. "मालक, तोटा, मागच्यापेक्षा जास्त." काय सांगू, कानाला काय गोड लागतं! कोणाच्या बापाला खोडता येणार नाही असा तोटा! साहेब चष्मा फुटेपर्यंत पुसू देत, साडू साष्टांग नमस्कार घालून स्तुती करू दे, वही म्हणते तोटा म्हणजे तोटा! या वेळी तो सुटत नाही!

फक्त एक बारीकशी अडचण आहे. परवा हिशेबनिसाने बेरीज मांडून दाखवली. अर्जाला बारा महिन्यांचा खरा तोटा लागतो. आणि कारखाना, या तोट्यात, सातच महिने टिकतो.

म्हणून म्हणतो, माझं ऐका, धंदा करा, भांडा, सूड घ्या, साडू करा, काय वाटेल ते करा, पण हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून खरा लिहा हो. वर यायला नशीब पुरतं... बुडायला कागद लागतो!